मुलाला कोणत्या भाषेतून शिकवावं? पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत प्रवेशाचे अर्ज निघाले की पालकांचे प्रश्न यायला लागतात. वीस वर्षांहून अधिक काळ मी प्राथमिक वर्गांना शिकवते आहे. आधी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, नंतर एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. दोन्हीकडची मुलं जवळून पाहिली आहेत. माझं मत झालं आहे आणि ते मी लपवणार नाही: ज्या भाषेत मूल वर्गात उभं राहून "बाई, असं का?" विचारू शकतं, त्या भाषेत त्याची पहिली काही वर्षं जावीत. तुमच्या घरची परिस्थिती मात्र तुम्हालाच ठाऊक, म्हणून उत्तरं त्या बेताने दिली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माध्यम म्हणजे नेमकं काय? मराठी शाळेतही इंग्रजी शिकवतातच ना?

शिकवतात. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी विषय २००० सालापासून आहे. उलट बाजूने, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला. म्हणजे दोन्ही भाषा दोन्हीकडे आहेत. माध्यम म्हणजे उरलेल्या विषयांची भाषा: गणित, परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास कोणत्या भाषेत समजावले जातात, पुस्तक कोणत्या भाषेत आहे आणि परीक्षेत उत्तर कोणत्या भाषेत लिहायचं.

बोर्ड आणि माध्यम यांचीही गल्लत होते. राज्य मंडळ म्हणजे मराठी माध्यम, असं नाही. बालभारतीची पुस्तकं मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा आठ भाषांत निघतात. तेव्हा शाळेत चौकशीला जाल तेव्हा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा.

२. लहान मुलं भाषा पटकन उचलतात म्हणे. मग इंग्रजीतून शिकताना त्रास का व्हावा?

बोलण्यापुरती भाषा मुलं पटकन उचलतात. अभ्यासाची भाषा इतक्या पटकन येत नाही. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ पासून हा फरक मांडला. कॅनडात नव्याने आलेल्या मुलांना गप्पांपुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत यायची, पण पुस्तकातली, परीक्षेतली इंग्रजी बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागायची. आणि त्या मुलांच्या शेजारीपाजारी, दुकानात, मैदानावर सगळीकडे इंग्रजीच होती. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना ती शाळेच्या चार-पाच तासांत भेटते, त्यातही पाठ केलेल्या वाक्यांतून.

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. वर्षभर 'येस टीचर' आणि 'मे आय ड्रिंक वॉटर' यापलीकडे तो बोलला नाही. शेऱ्यात मी 'अबोल' असं लिहिलं होतं. एकदा मधल्या सुट्टीत शाळेची मोटर बंद पडली, तेव्हा त्याने मला मराठीत समजावून सांगितलं की एक फेज गेला असताना मोटर चालू ठेवली तर ती जळते, म्हणून आजोबा आधी स्टार्टरकडे बघतात. कारण, परिणाम, खबरदारी, सगळं ओळीने. तो अबोल नव्हता. त्याच्याकडे जे होतं ते सांगायची भाषा माझ्या वर्गात चालत नव्हती. तो शेरा मी खोडला, पण वर्ष संपत आलं होतं.

वयाबद्दल एक गोष्ट खरी आहे: उच्चार लहानपणी चांगले बसतात. शब्द आणि व्याकरण मात्र तेवढ्याच तासांत मोठी मुलं जास्त वेगाने शिकतात. त्यामुळे 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही भीती मनातून काढून टाका.

३. माझी मुलगी पहिलीतच इंग्रजी धडे घडाघडा वाचते. म्हणजे तिला समजतंय ना?

पुस्तक मिटा आणि धड्यात काय झालं ते तिला मराठीत विचारा. सांगता आलं तर उत्तम. नाही आलं, तर ती अक्षरांचे आवाज काढते आहे, वाचत नाही.

वाचायला शिकताना मूल अक्षरं जुळवतं आणि जुळलेला शब्द कानातल्या शब्दाशी ताडून पाहतं. 'म-ड-कं' जुळलं की मडकं डोळ्यांपुढे येतं, कारण तो शब्द आधी हजारदा ऐकलेला असतो. जो शब्द कधी ऐकलाच नाही, तो जुळवला तरी पुढे काहीच उमटत नाही. त्यातून इंग्रजी स्पेलिंगचा घोळ: शेवटची दोन अक्षरं तीच, पण एक शब्द 'पुट' आणि दुसरा 'बट'. देवनागरीत लिहिलेलं आणि उच्चारलेलं यांत इतकं अंतर नसतं, म्हणून वाचनाची किल्ली लवकर हाती येते.

आणि ती किल्ली पुन्हा घडवावी लागत नाही. छापलेल्या खुणांतून अर्थ निघतो, ओळीचा संबंध मागच्या ओळीशी असतो, हे एका भाषेत कळलं की दुसरी भाषा वाचताना ते सोबत येतं.

४. गणिताला भाषा कुठे लागते? आकडे तर सगळीकडे सारखेच.

आकडे सारखे, पण त्यांची नावं सारखी नसतात, आणि इथे मराठी माध्यमवाल्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. मराठी संख्यानावं अवघड आहेत. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी येतो. म्हणून मुलं ७२ लिहून बसतात. त्र्याहत्तर, त्र्याण्णव यांतल्या जोडाक्षरांनी पहिली-दुसरीतली मुलं अक्षरशः दमतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात', 'सत्तर दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, सोबत एक सोपी वाट दिली आहे. माझ्या अनुभवाने त्यांचं बरोबर होतं. 'सत्तर दोन' म्हणून संख्या कळलेलं मूल पुढे 'बाहत्तर' आनंदाने म्हणतं.

आता दुसरी बाजू. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मराठी घरातलं मूल शाळेत यायच्या आधीच तोंडात घेऊन येतं. पाव किलो शेंगदाणे, अर्धा लिटर दूध, सव्वा तास, दीडशे रुपये. अपूर्णांकांचा निम्मा धडा त्याने किराणा दुकानात शिकलेला असतो. वर्गाची भाषा मराठी असेल तर शिक्षकाला फक्त ते फळ्यावर मांडायचं असतं. इंग्रजी माध्यमात मी हाच धडा शिकवते तेव्हा सगळं शून्यापासून सुरू होतं, कारण 'वन अँड थ्री फोर्थ्स'चा पावणेदोनशी काही संबंध आहे हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी सांगते, आणि मागच्या बाकापर्यंत चेहरे उजळतात.

भूमितीतही तसंच. 'समद्विभुज' शब्दातच सम, द्वि आणि भुज आहेत. एकदा फोडून दाखवला की व्याख्या पाठ करावी लागत नाही. 'आयसोसेलीस' फोडायला ग्रीक यावं लागतं.

सगळ्यात मोठी अडचण शाब्दिक उदाहरणांची. 'राजूकडे मीनापेक्षा ५ गोट्या कमी आहेत' यात 'पेक्षा' आणि 'कमी' कुणाला लागू होतात ते कळलं तरच बेरीज की वजाबाकी ते ठरतं. परक्या भाषेत मूल वाक्य सोडून देतं, दोन आकडे उचलतं आणि दिसेल ती क्रिया करतं. मग आपण म्हणतो, गणित कच्चं आहे.

५. पण विज्ञानाचे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा अवघड नाहीत का? संप्लवन, अपवर्तन हे घरी कोण बोलतं?

कुणीच नाही. पुष्कळ परिभाषा संस्कृतातून घडवली आहे, आणि तिथे मराठी मुलालाही शब्द नवाच असतो. मात्र शब्द एकच असतो, त्याभोवतीची समजूत दहा वाक्यांची असते. "कपाटातल्या डांबराच्या गोळ्या दिवसेंदिवस लहान होतात, पण कपडे ओले होत नाहीत, मग त्या जातात कुठे?" हे मुलाच्या भाषेत विचारलं की डोकी चालायला लागतात. त्यावर 'संप्लवन' चिकटवा आणि सोबत 'सब्लिमेशन'ही चिकटवा. पाचवी-सहावीपासून दोन्ही शब्द वहीत शेजारी लिहायची सवय लावली तर अकरावीचा धक्का निम्मा होतो (प्रश्न ८ पाहा).

६. सेमी-इंग्रजी हा सुवर्णमध्य आहे का?

सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. कधीपासून आणि कोण शिकवतं, यावर सगळं आहे. आठवीपासून, निदान सहावीपासून, आणि विषयासह इंग्रजीवरही हुकूमत असलेला शिक्षक असेल तर सेमी चांगलं चालतं. पहिलीपासूनच्या सेमीला माझा विरोध आहे, कारण ज्या दोन विषयांत समजुतीवाचून पाऊल पुढे पडत नाही, नेमके तेच दोन आपण परक्या भाषेत नेतो.

मलेशियाने हाच प्रयोग देशभर केला. २००३ पासून तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले. खेड्यातली मुलं मागे पडू लागली, अनेक शिक्षकांनाच इंग्रजीतून शिकवणं जमेना. २००९ मध्ये सरकारने धोरण मागे घ्यायचं जाहीर केलं आणि २०१२ पासून ते टप्प्याटप्प्याने बंद होत गेलं.

शाळेत गेलात तर गणिताचा एक तास मागे बसून बघू द्या म्हणून विनंती करा. शिक्षक फळ्यावर इंग्रजी लिहून तोंडाने मराठीत समजावत असतील तर घाबरू नका, ती समजूतदार वाट आहे. उत्तरं लिहून देऊन पाठ करून घेत असतील तर त्या वर्गात मूल घालू नका.

७. मराठी माध्यमात घातलं तर इंग्रजी कच्चं राहील ना? नोकरी कशी मिळणार?

ही भीती पोकळ नाही, आणि तिला हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. अनेक मराठी शाळांत इंग्रजीचा तास म्हणजे धड्याचं भाषांतर आणि प्रश्नोत्तरं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शाळा पोचली नाही, त्यांना इंग्रजी ही बाहेर पडायची वाट वाटते, यात नवल नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ साली छापलेल्या कवितांतच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. स्वतःची मुलं इंग्रजीत घालून दुसऱ्याला मराठीचं महत्त्व सांगायला येणाऱ्याचं ऐकून घेऊ नका.

पण इंग्रजी चांगली येणं आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी चांगली होते ती रोज कानावर पडल्याने, गोष्टी वाचल्याने, चुकत बोलल्याने. मराठी शाळा निवडताना गणिताइतकीच कसून चौकशी इंग्रजीच्या शिक्षकाची करा. वाचनालयात इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आहेत का, ती मुलांच्या हातात जातात का, तेही बघा.

८. जेईई, नीट, सीईटी मराठीतून देता येते का? अकरावीला काय होतं?

अकरावी-बारावी विज्ञान शाखा व्यवहारात इंग्रजीतूनच चालते. प्रवेश परीक्षांचं वेगवेगळं आहे. नीट मराठीतून देता येते. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत होते, पण जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतही असतं, गणित मात्र फक्त इंग्रजीत. इथे पुष्कळ जण फसतात. अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच, कारण नियम बदलतात. २०२१ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून घ्यायचीही सोय झाली. तरीही मराठी माध्यमाच्या मुलाने आठवी-नववीपासून विज्ञान-गणिताची इंग्रजी पुस्तकं शेजारी ठेवावीत, असंच मी सांगेन.

९. सरकार मराठी माध्यमाची सक्ती करू शकतं का?

नाही. कर्नाटकाने प्राथमिक शाळांना मातृभाषेची सक्ती केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी ती फेटाळली आणि माध्यम निवडण्याचं स्वातंत्र्य मान्य केलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात 'शक्य असेल तिथवर' मातृभाषा असं म्हटलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० निदान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा सुचवतं. सुचवतं, बांधून घालत नाही.

१०. आम्ही घरी मालवणी बोलतो. शाळेत बाई म्हणतात मुलाची भाषा अशुद्ध आहे. मग मराठी माध्यमाचा तरी काय फायदा?

फायदा आहे, पण बाईंनी त्याला टोकणं थांबवलं तर. 'माका' म्हणणारा कोकणातला मुलगा किंवा 'मले' म्हणणारी वऱ्हाडातली मुलगी पुस्तकातल्या 'मला'पासून एका पावलावर असते. दोन महिन्यांत दोन्ही येतात. मात्र पहिल्याच आठवड्यात वर्ग हसला तर ते मूल तोंड उघडत नाही, आणि प्रश्न २ मधल्या मुलासारखं मराठी शाळेतच 'अबोल' ठरतं. बाईंना भेटा, भांडू नका. त्याला तोंडी उत्तर मालवणीत देऊ द्या आणि वहीत पुस्तकी मराठीत लिहून घ्या, एवढीच विनंती करा.

११. आदिवासी पाड्यांवर तर मराठीच परकी असते. त्या मुलांचं काय?

या प्रश्नाला उत्तर न देता मातृभाषेच्या गप्पा मारणं मला अन्यायाचं वाटतं. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळीची नातेवाईक. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. पहिलीतल्या कोरकू मुलाला 'मराठी माध्यम' म्हणजे पुण्याच्या मराठी मुलाला इंग्रजी माध्यम, किंबहुना त्याहून कठीण, कारण त्याच्या घरी शब्दाचा अर्थ सांगणारंही बहुधा कुणी नसतं. संविधानाच्या ३५०-क कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं १९५६ पासून लिहिलेलं आहे. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली.

तिथे नेमणूक झालेल्या शिक्षकांना माझं सांगणं: पाड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलीला वर्गात मदतीला बसवा, पहिले सहा महिने गोष्टी आणि मोजणी त्यांच्या भाषेत होऊ द्या, आणि तुम्हीही रोज पाच शब्द शिका. बाईंना आपल्याकडून शिकायचं आहे हे कळलं की मुलं तुमची मराठीही शिकतात.

१२. आई तेलुगू, बाबा मराठी, राहतो बंगळुरूला. मुलाचा गोंधळ होईल का?

दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. एका वाक्यात दोन भाषा मिसळेल, ते साहजिक आहे. बंगळुरूत दोन्हींपैकी कोणत्याही माध्यमाची शाळा जवळ मिळणं कठीण, आणि बदलीची नोकरी असेल तर इंग्रजी माध्यम हाच व्यवहार्य निर्णय ठरतो. मग घरची जबाबदारी वाढते, तिच्यासाठी प्रश्न १५ पाहा.

१३. आम्ही गोव्यात राहतो. घरी कोकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी. कोणतं माध्यम?

तुमच्या मुलाची मातृभाषा कोकणी, आणि मराठी तिच्या अगदी शेजारची. देवनागरी दोन्हींची, त्यामुळे वाचन एकदाच शिकायचं. दोन्हींपैकी जिथे शिक्षक चांगले ते माध्यम घ्या. गोव्यात १९९० पासून प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच अनुदान होतं. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुलं झालं आणि मोठं आंदोलन पेटलं. त्या वादात तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, पहिलीतल्या मुलापुरता विचार वेगळा करा.

१४. मुलगा तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात गप्प-गप्प झालाय. आता मराठीत टाकावं का?

आधी कारण शोधा. डोळे आणि कान तपासून घ्या. मग त्याच्याच गणिताच्या पुस्तकातली पाच शाब्दिक उदाहरणं मराठीत सांगून सोडवायला द्या. मराठीत सुटली आणि इंग्रजीत अडली, तर अडचण भाषेची आहे. दोन्हीकडे अडली, तर माध्यम बदलून सुटणार नाही, त्याला शिकवणारं माणूस हवं.

भाषेचीच अडचण असेल तर चौथीपर्यंत बदल सहज होतो. सुट्टीत रोज मराठी वाचन-लेखन करून घ्या. देवनागरी त्याला मराठी विषयामुळे येत असते, फक्त वेग कमी असतो. सातवी-आठवीत मात्र मी बदलायला सांगत नाही, कारण तोवर सगळी परिभाषा इंग्रजीत बसलेली असते. त्याऐवजी घरी मराठीत समजावून शाळेत इंग्रजीत लिहू द्या.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नातेवाईक 'उतरवला का?' असं विचारतील. मुलासमोर त्या शब्दाला थारा देऊ नका.

१५. इंग्रजी माध्यमातच ठेवायचं ठरलंय. घरीही इंग्रजी बोलू का?

ज्या भाषेत तुम्हाला गोष्ट रंगवता येते, रागावता येतं, वाद घालता येतो, ती बोला. तुमची मराठी समृद्ध आणि इंग्रजी कामापुरती असेल, तर इंग्रजी बोलून मुलाला तुम्ही तुमच्यातला निम्माच वाटा द्याल. शाळेतला धडा घरी मराठीत सांगायला लावा: झाड अन्न कसं करतं, शिवाजी महाराज आग्र्याहून कसे निसटले. परदेशातल्या मराठी घरांनाही हेच लागू. शनिवार-रविवारची मराठी शाळा जोडीला हवीच, पण जेवणाच्या टेबलावरची भाषा तिच्याहून जास्त तास मिळवते.

१६. मुलगी कर्णबधिर आहे. तिच्यासाठी 'मातृभाषा' कोणती?

जी भाषा तिला पूर्ण मिळते ती. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटने ऐकू येत असेल तर घरची बोललेली मराठी, आणि एकाच वेळी दोन-तीन बोलल्या भाषांचा भार नको. ऐकू येणं अपुरं असेल तर भारतीय सांकेतिक भाषा ही तिची पहिली भाषा होऊ शकते. ती खुणांची मराठी नव्हे, स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. २०१५ मध्ये तिच्यासाठी दिल्लीत राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. लिहायला-वाचायला मराठी सोबत चालेल. फक्त उशीर करू नका, आणि आई-वडील, भावंडं, आजी सगळ्यांनी तिच्याबरोबर खुणा शिका. जेवताना घरात काय बोलणं चाललं आहे ते तिलाही कळायला हवं.